वाईच्या जीपचे दोन स्टब

८ फेब्रुवारी १९९४, मंगळवार

वाईची जीप आज उघडली. तिथल्या एका निवृत्त गुरुजींनी मोडीत काढलेली. तीन वर्षं गोठ्यात उभी होती म्हणे. आत कडब्याची धूळ, कोंबडीची पिसं. बाहेरून मात्र रंग ताजा हिरवा. स. नऊला बॉनेट काढलं, चारपर्यंत वाकलेलाच. कंबर बोलतेय.

आधी डायनामो, सेल्फ, रेडिएटर. मग इंजिन मोकळं. मग खालचं. फौजेत बावीस वर्षं बिघडलेल्या गाड्या उभ्या करत होतो, गेली सात वर्षं मोडतोय. अंगात जे चांगलं उरलंय ते काढून दुसऱ्या गाडीला द्यायचं, राहिलेला सांगाडा दस्तगीर गॅसनं कापतो, ते लोखंड वितळायला जातं. शालन शेजारणींना सांगते, "आमचं हे गाड्यांची मयतं उरकत्यात."

दुपारी एक वडापवाला आला, जीपमधून प्रवासी नेणारा. बिरा नाव. पस्तिशीचा, कानात बाळी, उन्हानं रापलेला. कडेगाव बाजूला जीप चालवतो. माधवनगरच्या अलीकडं गाडी जॅकवर ठेवून चालत आला. पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग जाम होऊन, चाक ज्या गजावर फिरतं तो स्टबच खाल्लेला.

"फौजी, डावा स्टब हाय का? प्याशिंजर उनात हुबं हायती. लगीच द्या."

वाईच्या जीपचा काढून दिला. हातावर फिरवून बघितला. गुळगुळीत, कुठं ओरखडा नाही. माल एक नंबर. बिरा खूश होऊन गेला.

१२ फेब्रुवारी, शनिवार

इंजिन गेलं. शिराळ्याकडच्या एका गुऱ्हाळवाल्यानं नेलं, उसाचा चरक फिरवायला. रस्त्यावरचं इंजिन आता जागेवर बसून रस काढणार. बरं आहे त्याचं.

उजवा स्टबही गेला. कागवाडच्या पुढचा कुणी माणूस, कानडी बोलणारा, मराठी मोडकंतोडकं. डोक्याला पांढरा टॉवेल. वर्तमानपत्रात गुंडाळून काखेत घेतला आणि गेला. शालननं त्याला पाणी दिलं. नंतर म्हणते, "त्याच्या उजव्या हाताला सा बोटं हायती, बघितलं का?" मी नव्हतं बघितलं. मी माल बघतो, ही माणसं बघते.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

काही विशेष नाही. दिवसभर नट-बोल्ट निवडले, साखरेच्या पोत्यावर बसून. वाईच्या जीपमधलं घेण्यासारखं सगळं निघालं. उरली फक्त चासी. दस्तगीरला सोमवार सांगितलाय.

२१ फेब्रुवारी, सोमवार

दस्तगीर दहाला आला. मी आत स्प्रिंगच्या पाट्यांना तेल लावत होतो. थोड्या वेळानं त्यानं गॅस बंद केला. आवाज थांबला की मला कळतं, काहीतरी आहे.

"फौजी, हिकडं या जरा."

चासीच्या डाव्या अंगाला, पुढच्या पाट्याच्या मागं, ज्योतीनं हिरवा रंग पापुद्र्यासारखा निघाला होता. खाली वेल्डिंगची शिवण. हातभर पट्टी मारलेली. तापवून सरळ केल्याच्या हातोड्याच्या खुणा.

"ही गाडी आदळल्याली हाय," दस्तगीर म्हणाला. "लय जोरात."

मी खाली बसलो. चासी वाकली म्हणजे मार चाकातून आत आला. चाकातून म्हणजे स्टबातून. असा मार खाल्लेला स्टब वरून हसतो आणि आत तडकलेला असतो. केसाएवढी चीर. ती रोज वजन घेते, रोज थोडी वाढते. मग एक दिवस

दोन्ही विकले. डावा वडापवर आहे. आत बारा-चौदा माणसं बसतात.

दस्तगीरला कापायला सांगितलं. त्याला चहासुद्धा विचारला नाही, हे तो गेल्यावर लक्षात आलं.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी ८ तारखेचं पान काढून वाचलं. ‘माल एक नंबर.’ माझंच अक्षर.

सात वर्षांत चाकाचा किंवा स्टिअरिंगचा एक भाग रॉकेल-खडू केल्याशिवाय माझ्या दाराबाहेर गेला नव्हता. भाग रॉकेलात बुडवून ठेवायचा, कोरडा पुसायचा, वर खडूची भुकटी मारायची. चीर असली तर आत शिरलेलं रॉकेल बाहेर पाझरतं, पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. सगळं मिळून पाऊण तास. त्या दिवशी पाऊण तास नव्हता, असं कालपासून स्वतःला सांगतोय. होता. प्याशिंजर उन्हात उभे होते, तर सावलीत बसले असते. आणि १२ तारखेला तर घाई पण नव्हती.

शालनला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मग जावा की."

"पत्ता नाही त्याचा."

"कडेगाव म्हनाला न्हवं? कडेगाव काय दिल्ली हाय व्हय?"

कपाटातून दुसरा डावा स्टब काढला, जुन्या सरकारी जीपचा, दोनदा पारखलेला. पिशवीत घातला. पाने, जॅकचा दांडा, खडू, रॉकेलची बाटली. अकराची गाडी मिळाली.

कडेगावच्या वडाप स्टँडवर कुणी बिराला ओळखेना. "कुटला बिरा?" "हितं कोन बिरा न्हाई." चार ड्रायव्हर, चौघांचं एकच. मग समजलं. खाकी पँट, बारीक केस, हातात ही वही. मी आरटीओचा माणूस वाटलो त्यांना.

पिशवी उघडून स्टब दाखवला. "मी जुन्या गाड्या मोडणारा आहे. सांगलीचा. बिराच्या गाडीला धोका आहे."

त्यातला एक हसला. "मग आदी सांगायचं न्हवं. बिरा वऱ्हाड घिऊन वाईला गेलाय. परवा लगीन."

वाई. म्हणजे पोरं म्हणणार, आलोय तर पाचगणी बघू. म्हणजे घाट.

तिथूनच कराड गाठलं. पुढं साताऱ्याला मावसभावाकडं मुक्काम. शालनला निरोप द्यायला शेजारच्यांच्या दुकानात फोन केला.

२३ फेब्रुवारी, बुधवार

वाईत नऊला. बाजारपेठ, नदीचा घाट, मंगल कार्यालयं, सगळं फिरलो. चौथ्या कार्यालयात कडेगावचं वऱ्हाड. नवऱ्यामुलाचा चुलता हळदीच्या अंगानं बाहेर आला.

"बिराची गाडी? गेली की सकाळीच. आमची पोरं काल पाचगनीला निऊन आनली त्यानं. आता त्याला दुसरं भाडं घावलं, तिकडनंच कडेगावला जातो म्हनाला."

घाट चढून, उतरून आली. कार्यालयाच्या पायरीवर बसलो. त्या माणसानं मला वरण-भात वाढायला सांगितलं, ओळख ना पाळख.

वाईत आलोच होतो म्हणून गुरुजींकडं गेलो. नदीच्या घाटाच्या वरच्या अंगाला घर. ओसरीवर पेपर वाचत होते. मला बघून चष्मा काढला. विचारायच्या आधीच त्यांना कळलं असावं.

"जीप आदळलेली होती, गुरुजी."

त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "तुम्ही विचारलं नाहीत."

"खरं आहे."

"विचारलं असतंत तर खोटं बोललो नसतो. एवढंच सांगू शकतो." मग चष्मा परत लावत, "रंग मीच देऊन घेतला. विकायची म्हणून."

आतून त्यांचा धाकटा भाऊ आला. चाळिशीचा असेल, काठी टेकत, एक पाय ओढत. त्यानं सगळं सांगितलं, उभ्या उभ्या. पसरणीच्या घाटात धुकं होतं. गाडी कठड्यावर गेली. डावं चाक दोन दगडांच्या मध्ये बसलं आणि अडकलं. बाकी गाडी दरीवर लोंबत होती. माणसं येईपर्यंत तो तसाच आत.

"ते चाक सुटलं असतं तर मी खाली गेलो असतो," तो म्हणाला. "त्या चाकानं मला धरून ठेवलं."

त्याला जगवणारा भाग मी दुसऱ्याच्या गाडीखाली लावला होता.

निघताना गुरुजी फाटकापर्यंत आले. "तो माणूस सापडला की मला एक कार्ड टाका." पत्ता मी विचारला नाही, त्यांनीच चिठ्ठीवर लिहून दिला. अक्षर सुंदर.

२५ फेब्रुवारी, शुक्रवार

काल सांगली. दिवसभर झोपलो. आज परत कडेगाव.

बिरा स्टँडवर नव्हता, पण आता ड्रायव्हर ओळखतात. "भंगारवालं आलं!" एकानं सांगितलं, बिराच्या बापाची मेंढरं गावाबाहेर एका ऊस तुटलेल्या रानात बसवलीत, बिरा पाणी घेऊन तिथं येतोच.

चालत गेलो. दोन-अडीच मैल. दोनशे मेंढरं, दोन कुत्री, एक घोडं, आणि घोंगडं पांघरून बसलेला म्हातारा. सगळे आबा म्हणतात. बिराचा बाप. माणदेशाकडचे हे. बिरानं पाच वर्षांपूर्वी मेंढरं सोडून गाडी घेतली, आबांनी सोडली नाहीत.

"गाव कंचं तुजं?"

सांगितलं.

"कोनातला?"

"बौद्ध."

"बरं. च्या पितूस न्हवं?"

तीन दगडांवर चहा केला. मेंढीच्या दुधाचा, घट्ट. मी काय कामानं आलो ते सांगितलं, दोन्ही स्टबांचं. आबांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "आनी हे तुला कवा कळलं?"

"सोमवारी."

"आज शुक्करवार." एवढंच.

मग उठून एका मेंढीचा पाय धरून बघू लागले. मला ती चांगली चालताना दिसत होती. "उद्या लंगडंल," म्हणाले. खुराच्या फटीतनं बाभळीचा काटा काढला. मी बघत राहिलो. त्यांचे हात माझ्या ओळखीचे वाटले.

साडेचारला जीप आली. पाण्याचे कॅन, मागं दोन पोती. मी बिराकडं बघायच्या आधी डावं चाक बघितलं.

सगळं ऐकून बिरा हसला. "फौजी, दुसरं गिऱ्हाईक घावलं का काय? बेस पळतीया गाडी. वाईला जाऊन आली, घाट चढली."

"घाट चढली म्हणूनच घाबरलोय."

"उद्या आमच्या बिरोबाची जत्रा. चार खेपा ठरल्यात. लोकं वाट बगत्यात. सोमवारी बगू."

"पाऊण तास लागतो."

"पाऊन तास म्हनता आनी दिवस घालवता. मला म्हाईत हाय मेस्त्री लोक."

आबांनी चुलीवरून वर बघितलं नाही. बिरानंही त्यांच्याकडं बघितलं नाही.

मी म्हणालो, "ठीक. मग उद्या मी बसतो पुढं. डाव्या बाजूला. चारी खेपा."

"आवं कशाला?"

"बसतो."

रात्री आबांजवळच झोपलो. एक घोंगडं दिलं मला.

२६ फेब्रुवारी, शनिवार

पहिली खेप सातला. ड्रायव्हरशेजारी आम्ही तिघं. मी कडेला, माझ्या बाजूला एक बाई, तिच्या मांडीवर आठ-दहा महिन्यांचं लेकरू. मागं दहा जण, टपावर दोघं. माझ्या पायाखाली ते चाक.

रस्ता खडीचा. प्रत्येक खड्ड्यात कान देऊन ऐकतोय. बेअरिंगचा आवाज, पाट्यांचा आवाज, हे सगळे मला ओळखू येतात. चीर आवाज करत नाही. हे मला माहीत आहे तरी ऐकतोय.

"हळू," मी म्हणालो. बिरा हळू झाला. मागून ओरडा. "बैलगाडी हाय का रं ही?"

दुसऱ्या खेपेला परत तेच. बाईच्या जागी आता दोन म्हातारे. एक माझ्या खांद्यावर डुलक्या घेत होता. मी एका हातानं समोरची पट्टी धरली होती. कधी धरली ते आठवत नाही. बिरानं एकदा माझ्या हाताकडं बघितलं.

तिसरी खेप दुपारी उशिरा, निम्म्यात. उताराच्या वर बिरानं गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं.

"उतरा समदी," मागं वळून म्हणाला. "गाडी बिगाडलीया."

"काय झालं? आता तर चालत हुती!"

"बिगाडलीया म्हनलं ना."

लोक शिव्या देत उतरले. निम्मे चालत गेले, निम्मे दुसऱ्या गाडीत चढले. बिरानं स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "तुमी असं बसल्याव मला बिरेकवरचा पाय काडाय हुईना."

गाडी पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगानं, आबांच्या रानात आणली. अंधार पडायला आला होता. उद्या सकाळी काढायचं ठरलं.

२७ फेब्रुवारी, रविवार

सात ते आठ. जॅक लावला, चाक, ड्रम, बेअरिंग, स्टब. बिरा पाने देत होता. हात चांगला आहे त्याचा.

रॉकेलात अर्धा तास. मग धोतराच्या फडक्यानं कोरडा पुसला, खडू किसून भुकटी मारली, उन्हात दगडावर ठेवला. तिघं भोवती बसलो. मेंढरं पलीकडं गेलेली.

पाच मिनिटं काही नाही. बिरा म्हणाला, "बगा. बेस हाय."

मी स्टब उन्हाकडं जरा फिरवला.

मग गजाच्या मुळाशी, जिथं तो जाड होतो तिथं, एक करडा ठिपका. मग रेघ. केसाएवढी. अर्धा वेढा घालून थांबली.

आबांनी अंगठ्यानं पुसली. परत उमटली.

बिरा उकिडवा बसला होता तो मागं टेकला. "त्या दिशी घाटात चौदा जनं हुती," म्हणाला. "नवऱ्याची भन हुती. दोन महिन्याचं पोटात." मग एकदम उठला. आवाज चढला. "आनी तुमी इकलासा कसा? फौजी म्हनून इस्वास ठिवला न्हवं? सांगा की!"

"पारखला नाही. घाई केली."

"घाई मी केली हुती."

"तू घाई कर म्हणणारच. मी करायला नको होती."

तो लांब जाऊन बांधावर बसला. पाठमोरा. आबा म्हणाले, "आसूंदे त्याला. तू दुसरा लाव."

पिशवीतला स्टब बसवला. चाक चढवलं. गाडी उतरवून हातानं हलवून बघितली. बिरा आला, चालू करून रानात एक फेरी मारली. मला स्टँडवर सोडलं. उतरताना म्हणाला, "तुमच्याकडनं पुन्ना काय घेनार न्हाई."

"बरं."

"बरं काय बरं," असं पुटपुटून गेला.

चिरलेला स्टब पिशवीत. घरी येईपर्यंत मांडीवर होता.

१ मार्च, मंगळवार

गुरुजींना कार्ड टाकलं. ‘डावा सापडला. चीर होती. कुणाला काही झालं नाही.’ जास्त काय लिहायचं. पण भावाला सांगू नका, असं खाली लिहिलं. मग ते खोडलं. त्याला कळलं तरी चालेल.

उजवा राहिलाय. मार डाव्याला जास्त, उजव्याला कमी, असं मन समजावतोय. कमी म्हणजे किती, कुणाला माहीत.

६ मार्च, रविवार

कागवाड, शेडबाळ, दोन दिवस. जीपवाल्यांना, गॅरेजवाल्यांना विचारलं. पांढरा टॉवेल तिकडं सगळ्यांच्याच डोक्याला. सहा बोटांचं सांगितलं तर लोक हसले. माझं कानडी म्हणजे ‘यल्ली’, कुठं, आणि ‘इल्ला’, नाही. उत्तर आलं तरी कळत नाही. रिकाम्या हातानं परत.

दारात दस्तगीर बसलेला. म्हणाला, "स्टँडवर समद्यांना म्हाईत झालंय. फौजीचा माल फुटका निगाला म्हनत्यात. तुमी कशाला सांगत बसला? बदलून दिला, मिटलं हुतं."

"मीच सांगितलं का? बिरानं सांगितलं असंल."

"तेच की. त्याला कशाला सांगितलं चीर हाय म्हनून?"

शालन आतून म्हणाली, "दस्तगीरभाऊ, तुमची पोरं वडापनंच साळंला जात्यात न्हवं?"

दस्तगीर दारातून आत सरकला. मग चहा घेतला.

१३ मार्च, रविवार

आठवडा शांत. गिऱ्हाईक तिघं. एकानं विचारलं, "पारखल्यालं हाय का?" मी पारखून दाखवलं त्याच्यासमोर, पाऊण तास बसवून. घेतलं त्यानं. ह्यापुढं असंच. समोर बसवून.

एक अँबॅसिडर आलीय मोडायला. आधी चासीचा रंग खरवडला. मग विकणाऱ्याला विचारलं, आदळली होती का? तो रागावला. रागावू दे.

१५ मार्च, मंगळवार

दु. दोनला तीन जीपा एकदम दारात. बिरा आणि स्टँडवरचे दोघं. ओळखलं मी, त्या दिवशी "हितं कोन बिरा न्हाई" म्हणणारेच.

"इकत घ्याय आलो न्हाई," बिरा आधीच म्हणाला. "पारखाय आलो. ह्यांच्या गाड्या कुटनं कुटनं सामान लावल्याल्या हायती. जरा बगा."

संध्याकाळपर्यंत चार स्टब, स्टिअरिंगच्या दोन लिंक. एका लिंकमध्ये चीर निघाली. ती माझ्याकडची नव्हती, साताऱ्यातल्या कुठल्या दुकानातली. त्या ड्रायव्हरनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

शालननं सगळ्यांना पोहे केले. बिरा खाताना म्हणाला, "आबा इचारत हुतं, दुसरा घावला का?"

"नाही."

"मिरजंच्या स्टँडवर इचारतो मी. तिकडनं कानडी गाड्या येत्यात." मी त्याला सहा बोटांची खूण सांगितली.

१६ मार्च, बुधवार

बरं वाटतंय असं लिहायला बसलो होतो. पण लिहवत नाही. बिराची गाडी ठीक आहे म्हणून बरं वाटायचं, तर तो दुसरा माणूस पण आज कुठंतरी गाडी चालवतोय. त्याच्याही मागं कुणी बसलं असेल.

शालन म्हणते, जेवताना तुमचं ध्यान नसतं. खरं आहे.

२३ मार्च, बुधवार

बिरा स. दहाला आला. गाडी बंद न करता खाली उतरला.

"घावला. म्हंजी, पत्ता घावला. सा बोटांचा. मिरजंत एक कानडी डायवर म्हनाला, त्यो अथणीकडं एका खडीच्या खाणीवर गाडी चालवतो. कामगारं ने-आन करतो. पर गाव नीट सांगता येईना त्याला. तीन गावं सांगितली."

खाण. म्हणजे चढ-उतार, आणि भरलेली गाडी.

"उद्या सा वाजता न्येतो मी तुमाला," बिरा म्हणाला. "माज्या गाडीनं."

"तुझा धंदा बुडेल."

"तुमी चार खेपा बसलासा न्हवं माज्या शेजारी. आता मी हाकतो."

मी म्हणालो, माणूस सापडला तरी बोलणार कसं? मोडकं मराठी येतं त्याला, पण घाबरवून सोडलं तर ऐकणार नाही. तू नव्हतास ऐकत.

"खरं हाय," बिरा म्हणाला.

दस्तगीर अँबॅसिडरची दारं कापत होता. गॅस बंद करून आला. त्याची सासुरवाडी अथणीची, कानडी येतं त्याला, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. "मी येतो," म्हणाला. "सासऱ्याशी भांडान हाय, पर खाणीवर सासरा कशाला यील."

दुपारी पिशवी भरली. उजवा स्टब, तीनदा पारखलेला. पाने, रॉकेल, खडू. शालननं सहा जणांच्या भाकऱ्या करायला घेतल्यात. आम्ही तिघंच आहोत म्हटलं तर म्हणाली, "सापडल्यावर त्यो काय उपाशी बसंल?"

आता पाच वाजलेत. दस्तगीरला समोर बसवून विचारतोय आणि इथं लिहून घेतोय, देवनागरीत. गाडी थांबवा. पुढचं उजवं चाक. हा भाग मी विकला. हे सगळं त्यानं भराभर सांगितलं.

मग विचारलं, ‘माझी चूक’ कसं म्हणायचं?

तो जरा थांबला. "त्ये मी सांगंन की त्याला."

"नको. तेवढं मी सांगणार."

तप्पु नंदु.

दहा वेळा म्हणून बघितलं. जीभ अजून नीट वळत नाही. तप्पु नंदु.